नाझी पक्ष, पण कोणत्या वर्षाचा?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून संपूर्ण सदर त्यालाच द्यावे लागले. आजच्या राजकीय पक्षांची नाझींशी जी तुलना सर्रास केली जाते, तिच्यात तथ्य किती आणि ती करायचीच असेल तर कशी करावी, हा तो विषय. त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. वर्गात विद्यार्थी आणि घरी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाचा, दीर, सगळेच न आवडणाऱ्या पक्षाला ‘नाझी’ म्हणून मोकळे होतात. समोरची बाजू लगेच म्हणते, ‘मग छळछावण्या कुठे आहेत ते दाखवा.’ वाद तिथेच तुटतो आणि दोन दिवस अबोला राहतो. अशी तुलना मुळात करावीच का? (एक प्राध्यापिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर मला एका पोस्टकार्डाने शिकवले. त्याला बरीच वर्षे झाली. निवडणुकीच्या धामधुमीत लिहिलेल्या एका लेखात मी एका पक्षाच्या कार्यपद्धतीला ‘नाझी’ हे विशेषण लावले होते. आठवडाभरात कागलहून एका निवृत्त शिक्षकांचे कार्ड आले. निळी शाई, शाळामास्तरांचे वळणदार अक्षर, आणि मजकूर एका ओळीचा : ‘आपण म्हणता तो नाझी पक्ष कोणत्या वर्षाचा, ते कृपया कळवावे.’ दोन दिवस ते कार्ड माझ्या टेबलावर पडून होते. उत्तर देता आले नाही, कारण लिहिताना माझ्या मनात कोणतेच वर्ष नव्हते. फक्त राग होता आणि त्या रागाला साजेसा शब्द हवा होता. ते कार्ड मी आजही जपून ठेवले आहे, आणि या विषयावर लिहायला बसलो की आधी ते समोर ठेवतो.

गुरुजींच्या प्रश्नात किती अर्थ भरलेला आहे पाहा. २४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिकमध्ये आपला पंचवीस कलमी कार्यक्रम जाहीर करणारा पक्ष हा जेमतेम एका शहरातला गट होता; पण त्या कार्यक्रमाच्या चौथ्या कलमात, जर्मन रक्ताचा माणूसच नागरिक होऊ शकतो आणि ज्यू माणूस राष्ट्राचा घटक असू शकत नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. १९२३ च्या नोव्हेंबरात या पक्षाने बंड करून सत्ता घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि हिटलर तुरुंगात गेला. सुटून आल्यावर त्याने मार्ग बदलला, ध्येय बदलले नाही. १९२८ च्या मे महिन्यातील निवडणुकीत पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी जागतिक मंदी आली. १९३० मध्ये मते १८.३ टक्क्यांवर गेली, आणि बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात पोहोचत असताना, १९३२ च्या जुलैत ३७.३ टक्के मते आणि २३० जागा मिळवून तो संसदेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या ३४ जागा कमी झाल्या होत्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हिटलरला चान्सलर केले ते मतदारांच्या बहुमताने नव्हे. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, फॉन पापेन यांच्यासारख्या जुन्या, प्रतिष्ठित राजकारण्यांच्या आग्रहावरून, त्याला ते पद दिले. त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते. बाकीच्यांना खात्री होती की हा माणूस आपल्या मुठीत राहील.

पुढचे सहा महिने तारखांनिशीच सांगायला हवेत. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीचे अधिकार देणाऱ्या, देशाच्या राज्यघटनेतील ४८ व्या कलमाचाच आधार घेऊन, भाषण, सभा, वृत्तपत्रे आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे हक्क स्थगित करण्यात आले. ५ मार्चला निवडणूक झाली. एवढी दहशत असूनही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. २२ मार्चला म्युनिकजवळ डाखाऊची छावणी सुरू झाली, आणि तिथे सर्वांत आधी डांबले गेले ते राजकीय विरोधक. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हवाली करणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत केला. कम्युनिस्ट सदस्य तोवर कैदेत पडले होते किंवा परागंदा झाले होते, आणि विरोधात मत देणारे सगळेच्या सगळे ९४ जण सोशल डेमोक्रॅट पक्षाचे होते. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या. १४ जुलैला नवा पक्ष काढणे हा गुन्हा ठरला.

हे सारे १९३३ मधले. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्युरेंबर्गचे कायदे १९३५ मधले, त्यांची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली गेली ती रात्र १९३८ च्या नोव्हेंबरातली, संहाराची शासकीय आखणी पक्की करणारी वान्झेची बैठक १९४२ च्या जानेवारीतली, आणि साठ लाख ज्यूंची हत्या महायुद्धाच्या काळातली. आपल्या ग्रुपवरचा भाचा ‘नाझी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर १९४२ असते, आणि ‘छळछावण्या दाखवा’ म्हणणारे दीरही १९४२ च मागत असतात. दोघे एकाच वर्षाला धरून बसले आहेत म्हणून त्यांचे बोलणे पुढे सरकत नाही. भाच्याच्या हातून अन्याय होतो, कारण ज्या माणसांनी असले काही केलेले नाही त्यांच्या माथी तो साठ लाख खून मारतो आणि त्या साठ लाखांचेही मोल कमी करतो. दिरांच्या हातून होते ती बेफिकिरी. १९४२ घडलेले नाही एवढ्या एका कारणावर ते १९३३ शी मिळत्याजुळत्या कोणत्याही कृत्याला माफी देऊन टाकतात. माझ्या मते ही दुसरी चूक जास्त धोक्याची आहे, कारण ती शहाणपणासारखी दिसते.

म्हणून माझे उत्तर असे की तुलना जरूर करावी, पण पक्षाची पक्षाशी करू नये, कृत्याची कृत्याशी करावी आणि वर्ष सांगून करावी. एक दिवस जवळून पाहा. १ एप्रिल १९३३, शनिवार. बर्लिनपासून लहानसहान गावांपर्यंत ज्यूंच्या दुकानांच्या दारांत तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक हातात फलक घेऊन उभे राहिले : ‘जर्मनांनो, ज्यूंकडून खरेदी करू नका.’ त्या दिवशी दुकानात जायला कायद्याने कोणालाही मनाई नव्हती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला फक्त त्या उभ्या माणसाच्या अंगाला अंग घासून उंबरठा ओलांडायचा होता. काही जण मुद्दाम आत गेले, अनेक जण पिशवी तशीच घेऊन माघारी वळले. जर्मनीत तेव्हा ज्यू होते पाच लाखांच्या आसपास, लोकसंख्येच्या एका टक्क्याहूनही कमी. आता आपल्या विद्यार्थ्यांना विचारता येईल की एखाद्या समाजाकडून काही विकत घेऊ नका असे आवाहन आपल्या राज्यात, आपल्या शहरात कधी ऐकले का, कोणी केले, त्यात एखाद्या पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा हात होता का, आणि पोलीस त्या वेळी काय करत होते. या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात, तपासता येतात आणि चुकली असतील तर दुरुस्तही करता येतात. ‘नाझी आहेत की नाहीत’ या प्रश्नाचे तसे नाही.

नाझी विचाराचा गाभा कोणता, हेही वेगळे काढून ठेवले पाहिजे. कडवा राष्ट्रवाद अनेक देशांत होता आणि आहे. हुकूमशहा तर शेकड्यांनी झाले. इटलीत मुसोलिनी १९२२ पासून सत्तेवर होता, पण तिथले ज्यूविरोधी वंशकायदे १९३८ मध्ये आले. नाझींचे वेगळेपण असे की त्यांनी माणसाचा हक्क त्याच्या रक्तावर ठरवला. माणूस काय करतो, काय मानतो, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढला की नाही, यांतले काहीही शेवटी त्याला वाचवू शकले नाही. आजा-आजी कोण होते एवढे पाहिले गेले. त्याला जोड होती ती नेत्याचा शब्द हाच कायदा या तत्त्वाची आणि पूर्वेकडचे प्रदेश जिंकून तिथल्या माणसांना हुसकून लावण्याच्या ध्येयाची. म्युनिकमध्ये तो कार्यक्रम वाचला गेला त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा २१ आणि २२ मार्च १९२० रोजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील माणगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराज तिला जातीने हजर राहिले. तिथे मागणी होती ती याच्या नेमकी उलट, जन्मामुळे कोणाचा हक्क जाता कामा नये ही. या दोन घटना मी नेहमी शेजारी शेजारी ठेवतो, कारण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे हे परक्या मुलखातले दुखणे आहे असे आपल्याला म्हणता येत नाही.

एक सूचना भाषेविषयी. मराठीत ‘हिटलर’ हा शब्द कडक शिस्तीच्या हेडमास्तरांसाठी, खडूस साहेबांसाठी, अगदी घरातल्या आजोबांसाठीही वापरला जातो. इतक्या स्वस्त झालेल्या शब्दाकडून राजकारणात अचूक काम होईल ही अपेक्षा धरता येत नाही. माइक गॉडविन या अमेरिकी वकिलांनी १९९० मध्ये असे निरीक्षण मांडले होते की इंटरनेटवरची चर्चा जितकी लांबेल तितकी त्यात हिटलरशी तुलना होण्याची शक्यता वाढत जाते. त्याचा उपयोग पुढे अनेकांनी समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी केला. तुलना करणारा आपोआप हरला, असा त्याचा अर्थ नव्हे. तुलना करणाऱ्याने आधी इतिहास वाचावा एवढाच आहे.

प्रश्न : नाझी पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ आणि ‘कामगार’ हे शब्द होते. मग ते डावे होते असे का म्हणू नये? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : नाव तसे होते हे खरे. सुरुवातीच्या पंचवीस कलमांत मोठ्या उद्योगसमूहांच्या राष्ट्रीयीकरणासारख्या मागण्याही होत्या आणि पक्षात त्या मनापासून मानणारा एक गटही होता. पण त्या गटाचे पुढे काय झाले ते पाहावे. ओटो श्ट्रासर १९३० मध्ये बाहेर पडला, आणि त्याचा भाऊ ग्रेगोर याला १९३४ च्या जूनअखेरीस पक्षांतर्गत विरोधकांच्या कत्तलीत ठार मारले गेले. २० फेब्रुवारी १९३३ रोजी हिटलरने बड्या उद्योगपतींची बैठक घेऊन निवडणुकीसाठी त्यांच्याकडून पैसा मिळवला, आणि अडीच महिन्यांत कामगार संघटना संपवल्या. डाखाऊत पहिल्यांदा गेले ते कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. इतिहासाचे बहुतेक अभ्यासक म्हणूनच या पक्षाला टोकाच्या उजव्या बाजूला ठेवतात, आणि मला ते बरोबर वाटते. मात्र त्यावरून डाव्या विचाराच्या राजवटींनी माणसे मारली नाहीत असा निष्कर्ष काढू नये. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात थोडे लिहिले आहे.

प्रश्न : भारतातील काही संघटनांच्या नेत्यांनी हिटलरची स्तुती केली होती. दुसऱ्या बाजूला आणीबाणी लादणाऱ्या पक्षालाही नाझी म्हटले गेले. हे पुरावे पुरेसे नाहीत का? (एक सूतव्यापारी, इचलकरंजी)

उत्तर : दोन्ही पुरावे खरे आहेत आणि दोन्ही झाकू नयेत. आपल्याकडे अशी सवय आहे की एक बाजू पहिला पुरावा फडकवते, दुसरी बाजू दुसरा, आणि स्वतःच्या घरातल्याकडे कोणी पाहत नाही.

आधी पहिला. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माधव सदाशिव गोळवलकर यांच्या इंग्रजी पुस्तकात, जर्मनीने आपल्या वंशाची आणि संस्कृतीची शुद्धता राखण्यासाठी ज्यूंना देशातून नाहीसे केले, असा उल्लेख असून हिंदुस्थानने त्यातून शिकावे या आशयाचे वाक्य आहे. पुढच्याच वर्षी गोळवलकर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक झाले. संघाच्या बाजूने नंतर या पुस्तकापासून अंतर राखले गेले. इथेही कागलच्या त्या निवृत्त शिक्षकांचा प्रश्न विचारावा : कोणते वर्ष? १९३९ च्या सुरुवातीला विषारी वायूच्या कोठड्या अस्तित्वात नव्हत्या, म्हणून त्या वाक्यात संहाराचे समर्थन आहे असे म्हणणे चूक ठरेल. पण न्युरेंबर्गचे कायदे येऊन तीन वर्षे झाली होती आणि नोव्हेंबर १९३८ मधल्या जाळपोळीच्या बातम्या जगभर पोहोचल्या होत्या. तेव्हा काहीच माहीत नव्हते ही सबबही टिकत नाही. ते वाक्य तेव्हाही निषेधार्ह होते. त्या काळात सावधपणे पाहणारेही आपल्यात होते : १९३६ मध्ये रोममध्ये थांबावे लागले असता मुसोलिनीच्या भेटीचे निमंत्रण नेहरूंनी नाकारले. २९ मे १९४२ रोजी सुभाषबाबू हिटलरला भेटले ती गोष्ट वेगळ्या जातीची आहे. ब्रिटिशांविरुद्ध मदत मिळवणे हा तिचा हेतू होता, आणि तिची नैतिक बाजू कोणाला पटो वा न पटो, तिला विचारसरणीचा स्वीकार म्हणता येत नाही.

पण ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचे वाक्य आजचा पक्ष काय आहे हे सिद्ध करत नाही. ते आपल्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार देते. आजच्या पक्षाला त्याच्या आजच्या कायद्यांवरून, आजच्या भाषणांवरून, त्याच्या राज्यात अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या पोलीस संरक्षणावरून आणि निवडणूक हरल्यावर तो खुर्ची सोडतो की नाही यावरून जोखावे लागते. ही कसोटी सर्व पक्षांना सारखीच लागू आहे.

आता आणीबाणी. १९३४ च्या सप्टेंबरात न्युरेंबर्गच्या मेळाव्यात हिटलरचा पक्षातील उपनेता रुडॉल्फ हेस म्हणाला की हिटलर म्हणजे जर्मनी आणि जर्मनी म्हणजे हिटलर. चाळीस वर्षांनी काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजे इंडिया, इंडिया म्हणजे इंदिरा, असे उद्गार काढले. वाक्याची घडण इतकी एकसारखी आहे की वाचताना अंगावर काटा येतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, लाखाहून अधिक माणसे खटल्याविना तुरुंगात गेली. २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाशी याचे साम्य कोणीही नाकारू नये. फरकही तितकेच ठळक आहेत. रक्तावरून एखाद्या समाजाला शत्रू ठरवणे त्यात नव्हते. सर्वोच्च न्यायालयातील न्या. हंसराज खन्ना यांनी १९७६ च्या एप्रिलमध्ये, आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येत नाही या बहुमताच्या निकालाविरुद्ध, एकट्याने विरोधी निकाल लिहिला, त्याची किंमत सरन्यायाधीशपद हुकण्याच्या रूपाने मोजली, पण तो निकाल लिहिला गेला आणि छापला गेला; आणि १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, सरकार हरले आणि पायउतार झाले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे घातले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. जर्मनीच्या ४८ व्या कलमातली जी फट हिटलरला सापडली, तशीच आपल्या घटनेतली एक फट आपल्या संसदेने स्वतः होरपळल्यानंतर अरुंद केली. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे सांगून ठेवले होते. तो इशारा देताना त्यांनी कोणत्याही पक्षाला वगळले नव्हते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत नोकरी करतो. तिथला एएफडी पक्ष वाढतो आहे असे तो सांगतो आणि आम्हाला काळजी वाटते. तो नाझी पक्ष आहे का? (एक आई, निपाणी)

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो. हा पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाला विरोध करण्यासाठी निघाला आणि नंतर स्थलांतरितांना विरोध हा त्याचा मुख्य मुद्दा झाला. २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत २०.८ टक्के मते घेऊन तो दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या अंतर्गत गुप्तचर खात्याने त्याला उजव्या टोकाचा अतिरेकी पक्ष ठरवले, आणि पक्षाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. त्याचे एक प्रमुख नेते ब्यॉर्न ह्योके हे पूर्वी इतिहासाचे शिक्षक होते. नाझींच्या तपकिरी गणवेशधारी दलाची ‘सारे काही जर्मनीसाठी’ ही घोषणा सभेत दिल्याबद्दल न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना दंड केला. हे गंभीर आहे. तरीही संपूर्ण पक्षाला नाझी म्हणणे मी टाळेन, कारण त्याला मत देणाऱ्या प्रत्येक पाचव्या माणसाचा राग वंशशुद्धीसाठी आहे असे मला दिसत नाही, आणि असा शिक्का बसला की तो माणूस आपले ऐकणे थांबवतो.

‘नाझी’ हा शब्द जिथे चपखल बसतो अशीही उदाहरणे आहेत. ग्रीसमधला ‘गोल्डन डॉन’ पक्ष २०१२ मध्ये सुमारे ७ टक्के मते घेऊन संसदेत गेला. स्वस्तिकाची आठवण करून देणारे त्याचे चिन्ह होते आणि त्याच्या टोळ्या स्थलांतरितांना रस्त्यात मारत. २०१३ मध्ये पक्षाच्या एका समर्थकाने पावलोस फिसास या गायकाचा खून केला आणि २०२० च्या ऑक्टोबरात न्यायालयाने हा पक्ष म्हणजे गुन्हेगारी संघटना असल्याचा निकाल दिला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने तर २०१७ मध्ये एनपीडी या टोकाच्या उजव्या पक्षाविषयी स्पष्ट लिहिले की त्याचे विचार नाझी विचारांशी नाते सांगणारे आहेत. बंदी मात्र घातली नाही, कारण ध्येय गाठण्याइतकी ताकद त्या पक्षात उरलेली नाही. न्यायालयाने इथे विचार आणि ताकद यांचा निवाडा वेगवेगळा केला, याकडे मुलाचेही लक्ष वेधावे. त्याला सांगा की तिथे कायदा जागा आहे. आणि शेजाऱ्यांशी ओळख वाढवावी, मतपत्रिका हाती नसलेल्या माणसालाही तेवढे करता येते.

प्रश्न : माझी आजी सांगते की हिटलरच्या छळछावणीतून पळालेले पोलंडचे लोक वळिवड्याला राहत होते. शाळेच्या प्रकल्पात मी तसे लिहू का? (अकरावीतील विद्यार्थी, हातकणंगले तालुका)

उत्तर : लोक राहत होते हे अगदी खरे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. पण ‘हिटलरच्या छळछावणीतून’ हे दुरुस्त कर. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला, आणि १७ सप्टेंबरला स्टालिनच्या सोव्हिएत सैन्याने पूर्वेकडून. वळिवड्याला आलेली बहुतेक माणसे पूर्व भागातली. त्यांना १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने घराबाहेर काढून मालगाड्यांतून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले. थंडी, उपासमार आणि सक्तीची मजुरी यांत कित्येक दगावले. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली, कैद्यांची सुटका झाली, आणि पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर ही कुटुंबे इराणमार्गे बाहेर पडून शेवटी आपल्या कोल्हापूर संस्थानात पोहोचली. त्याच सैन्याने १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मोन्ते कासिनोची टेकडी जर्मनांकडून जिंकून घेतली. म्हणजे वळिवड्यातल्या कित्येक बायकांना स्टालिनने बेघर केले होते, आणि त्यांच्या घरचे पुरुष त्याच वेळी हिटलरशी लढत होते. दोन जुलमांना एकच नाव दिले तर त्यांची अर्धी कहाणी पुसली जाते.

युद्ध संपल्यावरही त्यांतल्या अनेकांना घरी परतता आले नाही, कारण त्यांची गावेच सोव्हिएत संघात गेली होती. ते इंग्लंडला आणि आणखी दूरच्या देशांत गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. प्रकल्प लिहिण्याआधी तिथे जाऊन ये आणि वही बरोबर ने. आजीलाही पुन्हा विचार, की त्यांनी त्या लोकांना स्वतः पाहिले की आपल्या आईकडून ऐकले, ती माणसे बाजाराला येत असत का, आणि आली तर भाजीवालीशी कोणत्या भाषेत बोलत. त्या जे सांगतील ते आम्हाला जरूर लिहून पाठव; या सदरात त्यासाठी जागा राखून ठेवतो.